मक्याचं इथेनॉल पेट्रोलमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला इथेनॉल हा विषय नवा नाही. जगभर इथेनॉलचे कारखाने उभारणारी प्राज इंडस्ट्रीज इथलीच. गाड्यांवर इंधनाच्या चाचण्या घेणारी एआरएआय वेताळ टेकडीवर आहे आणि ऊस-साखरेचं संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला. ५ जून २०२१ रोजी पंतप्रधानांनी ई-१०० म्हणजे जवळजवळ शुद्ध इथेनॉल विकण्याच्या प्रायोगिक योजनेची सुरुवात केली, तीही पुण्यातल्या तीन ठिकाणांपासून. त्यामुळे पंपावर, गॅरेजात, पोल्ट्रीवाल्यांच्या बैठकीत हे प्रश्न सारखे निघतात. एका जागी उत्तरं मिळावीत म्हणून हे लिहिलं आहे.

माझी बाजू सुरुवातीलाच सांगतो. साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल करायला माझा विरोध नाही. पण माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाऊ शकणारा मका पिकवायचा आणि तो गाडीत जाळण्यासाठी आंबवायचा, हा रस्ता चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. कारणं खाली आहेत.

पेट्रोलमधलं इथेनॉल उसाचंच असतं ना? मका मध्येच कुठून आला?

बरीच वर्षं ते उसाचंच होतं, त्यातही मुख्यतः मळीचं. २०१३-१४ मध्ये देशभरातलं मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं. एवढं इथेनॉल एकट्या उसातून निघणं शक्य नव्हतं. त्यात २०२३ चा पावसाळा ओढ देऊन गेला. साखर कमी पडेल म्हणून केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल केली. मधल्या काळात जी तूट आली ती मक्याने भरून काढली.

त्याला दराचीही साथ होती. मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरमागे ७१.८६ रुपये देतात. उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१ आणि सी-हेवी मळीच्या, म्हणजे साखर जवळपास पूर्ण काढून घेतल्यावर उरलेल्या मळीच्या इथेनॉलला ५७.९७. दरातच एवढा फरक ठेवल्यावर धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या झपाट्याने वाढणारच होत्या. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी जे वाटप केलं, त्यात एकट्या मक्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर आहे. तांदूळ वेगळा.

माझ्या गाडीच्या टाकीत किती मका जातो?

एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे लिटरला २.६ किलो मका. स्कूटरमध्ये पाच लिटर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, भरलंत तर त्यात एक लिटर इथेनॉल असतं. ते मक्याचं असेल तर त्यामागे २.६ किलो मका गेला. चारचाकीची ४० लिटरची टाकी फुल्ल केली तर २१ किलो.

हा आकडा पोल्ट्रीवाल्याला सांगा, तो लगेच दुसरा हिशेब मांडेल. दोन किलोची एक ब्रॉयलर कोंबडी तयार व्हायला सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य लागतं आणि त्यात साठ टक्के मका असतो, म्हणजे दोन किलो. स्कूटरची एक टाकी आणि एका कोंबडीचं आयुष्यभराचं मक्याचं खाणं यांत फारसा फरक नाही.

दाण्यापासून इथेनॉल बनतं कसं? उसापेक्षा त्यात वेगळं काय?

उसात साखर तयारच असते. रस किंवा मळी घ्या, यीस्ट घाला, आंबवा. मक्यात साखर नसते, पिष्ट म्हणजे स्टार्च असतं. त्यामुळे आधी दाणा दळायचा, पाण्यात कालवून तापवायचा, एक विकर (एन्झाइम) घालून पिष्ट पातळ करायचं, दुसरं विकर घालून त्याची साखर करायची आणि मग कुठे यीस्टची पाळी. आंबल्यावर जे मिळतं त्यात अल्कोहोल थोडं आणि पाणीच जास्त. ते उकळून, ऊर्ध्वपातन करून ९५ टक्क्यांपर्यंत आणायचं आणि उरलेलं पाणी चाळणीसारख्या छिद्रं असलेल्या खनिजातून गाळून काढायचं. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. खाली राहिलेला ओला चोथा सुकवायचा, त्यालाही वाफ.

या सगळ्यात उष्णता कुठून येते, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो. साखर कारखान्याला उसाबरोबर बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, फुकट मिळतं. तेच बॉयलरमध्ये जातं, कारखाना त्यावर चालतो आणि वरची वीज महावितरणला विकतो. मक्याच्या डिस्टिलरीच्या दारात फक्त दाणा येतो. चिपाड शेतातच राहतं किंवा जनावरांच्या दावणीला जातं. मग बॉयलरसाठी भाताचा तूस विकत घ्यावा लागतो, नाहीतर कोळसा. ज्या कारखान्यात कोळसा जळतो तिथलं इथेनॉल हे काही अंशी कोळशाचंच द्रवरूप आहे. पंपावरच्या फलकावर मात्र दोन्हीला एकच हिरवा रंग.

ॲव्हरेज खरंच कमी होतं की लोकांचा भ्रम आहे?

भ्रम नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर लिटरमागची ऊर्जा जवळपास सात टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोका न देता दाब सोसायची क्षमता, जास्त असल्याने त्यासाठीच जुळवलेलं, जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन यातला काही भाग भरून काढतं. सगळा नाही. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे लिहिलं आहे: जुन्या, ई-० म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० वर जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० वर जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के.

पुण्यातल्या सिग्नल-टू-सिग्नल ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, अर्धवट क्लचवर गाडी चालवताना हा फरक नेमका पकडणं अवघड असतं, हे खरं. कुणी २० टक्के ॲव्हरेज गेलं म्हणत असेल तर इंजिन, टायरची हवा, स्पार्क प्लग तपासून घ्यावं. एवढी घट निव्वळ इथेनॉलने होत नाही.

जुन्या गाडीचं काय होतं?

इथेनॉल दोन गोष्टी करतं. ते रबर आणि काही प्लास्टिकमध्ये शिरून त्यांना फुगवतं, कडक करतं. आणि ते हवेतलं पाणी ओढतं.

माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने पंधरा वर्षं जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून दाखवला होता. पेट्रोल साठतं त्या वाटीच्या तळाशी पांढरट, हिरवटसर पापुद्रा बसलेला. नखाने खरवडला की पूड व्हायची. खालच्या स्क्रूचं रबरी वायसर मूळ मापापेक्षा फुगलेलं, परत खाचेत बसेना. गाडी चार महिने पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती, त्यातले दोन पावसाळ्याचे. रोज फिरणाऱ्या गाडीत इतकं होत नाही, कारण इंधन बदलत राहतं.

पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी हातमिळवणी करतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला इंधन तळातूनच जातं. गाडी फुरफुरते, बंद पडते. म्हणून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपू नये याची काळजी आता आधीपेक्षा कितीतरी जास्त घ्यावी लागते. याच कारणाने इथेनॉल सहसा पाइपलाइनमधून पाठवत नाहीत. मुंबईहून पेट्रोल पाइपलाइनने लोणी काळभोरला येतं, इथेनॉल मात्र डिझेल जाळत टँकरने. दोन्ही डेपोत एकत्र होतात.

निम्मं नाही तरी पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

कारण इथेनॉल आता स्वस्त राहिलेलं नाही. ३१ जुलै २०२५ ला तेल कंपन्यांची सरासरी इथेनॉल खरेदी, वाहतूक आणि जीएसटी धरून, लिटरला ७१.३२ रुपये पडत होती आणि ती शुद्ध पेट्रोलच्या खर्चापेक्षा जास्त आहे हे पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच सांगितलं. मक्याचं ७१.८६ तर वाहतूक-कर सोडून. ऊर्जेच्या हिशेबाने, म्हणजे एक लिटर पेट्रोलइतकं अंतर कापायला लागणारं मक्याचं इथेनॉल धरलं, तर ते सुमारे १०९ रुपयांचं होतं. कर लागण्याआधी.

निती आयोगाच्या आराखड्यात असंही सुचवलं होतं की ॲव्हरेजची घट भरून निघावी म्हणून ई-१० आणि ई-२० वर करसवलत द्यावी. ती ग्राहकापर्यंत आलेली नाही. पुण्यात तुम्ही कमी ऊर्जेच्या लिटरला पूर्ण लिटरचे पैसे देता आणि बहुतेक पंपांवर दुसरा पर्यायही नाही. यावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली होती, इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून. १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली गेली. मला वाटतं, न्यायालयात काहीही झालं तरी ग्राहकाला पर्याय आणि पंपावर स्पष्ट लेबल मिळायला हवं, ही मागणी रास्तच आहे.

सरकार म्हणतं मक्याच्या इथेनॉलने हरितगृह वायू ५० टक्क्यांनी कमी होतात. तुम्ही हे मान्य करत नाही?

आकडा कशावर उभा आहे ते बघावं लागतं. तो सरकारने निती आयोगाच्या अभ्यासाच्या आधारे दिलेला आहे: उसाच्या इथेनॉलला ६५ टक्के, मक्याच्या इथेनॉलला ५० टक्के. अशा हिशेबात कुंपण कुठे घालता यावर उत्तर ठरतं.

पहिलं, खत. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या जवळपास सहा गोण्या. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून आणि त्यातला बराचसा वायू आपण आयात करतो. शेतात टाकलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे खनिज तेलाऐवजी आपण खनिज वायू जाळतोय, फक्त मधे एक शेत आहे.

दुसरं, बॉयलरमधला कोळसा. तो वर आलाच.

तिसरं आणि सगळ्यात वादाचं, जमीन. इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली की मका दुसऱ्या पिकाच्या जागी जातो आणि ते दुसरं पीक आणखी कुठेतरी नवी जमीन फोडून येतं. त्या जमिनीत, गवतात, झाडांत साठलेला कार्बन मोकळा होतो. अमेरिकेत यावर पंधरा-वीस वर्षं भांडण चालू आहे. तिथल्या कृषी खात्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ३९ टक्क्यांनी चांगलं ठरलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जमिनीचा बदल धरून सांगितलं की ते पेट्रोलपेक्षा कमी तर नाहीच, बहुधा किमान २४ टक्क्यांनी जास्त कार्बन सोडतं. इथेनॉल उद्योगाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले. ज्या इंधनाच्या फायद्याचं चिन्ह अधिक की उणे यावरच पंधरा वर्षं एकमत होत नाही, त्यावर देशाचं हवामान धोरण उभं करू नये, एवढंच माझं म्हणणं.

नळकांड्यातून काय निघतं ते वेगळं. इथेनॉलने कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हा खरा फायदा आहे. असिटाल्डिहाइड हे घातक रसायन मात्र वाढतं.

अमेरिकेत तर वर्षानुवर्षं मक्याचं इथेनॉल वापरतात. तिथे काय झालं?

तिथला अनुभव नीट वाचावा असा आहे, कारण आपण त्याच वाटेवर वीस वर्षं मागून चाललोय. २००५ चा कायदा आणि २००७ ची त्याची वाढीव आवृत्ती यांनी पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणं सक्तीचं केलं. २००० च्या आसपास तिथल्या मक्याचा सहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा इथेनॉलला जात होता. दहा-बारा वर्षांत तो ४० टक्क्यांच्या घरात गेला. वर म्हटलेल्या २०२२ च्या अभ्यासाप्रमाणे या सक्तीमुळे मक्याचे भाव ३० टक्क्यांनी चढले, मक्याखालचं क्षेत्र सुमारे २८ लाख हेक्टरांनी वाढलं आणि खतांचा वापरही.

जानेवारी २००७ मध्ये मेक्सिको सिटीत टॉर्टियाच्या भावावरून लोक रस्त्यावर आले. टॉर्टिया म्हणजे त्यांची मक्याची भाकरी. त्यामागे साठेबाजीसह अनेक कारणं होती, पण शेजारच्या देशात इथेनॉलसाठी वाढलेली मागणी हे त्यातलं एक.

आणि मग नत्र. अमेरिकेच्या मका पट्ट्यातून वाहून गेलेलं खत मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतं. शेवाळ माजतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे पळतात, न पळू शकणारे जीव मरतात. हा मृत पट्टा इथेनॉलच्या आधीपासूनचा आहे, इथेनॉलने तो निर्माण केला नाही, पण जास्त मका म्हणजे जास्त नत्र. २०१७ मध्ये त्याचं क्षेत्र सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर मोजलं गेलं. आपला अख्खा पुणे जिल्हा १५,६०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

एक फरक विसरू नका. अमेरिकेत मक्याचं उत्पादन हेक्टरी ११ टन, आपल्याकडे साडेतीन. त्यांना एका लिटरला जेवढी जमीन लागते त्याच्या तिप्पट आपल्याला.

शेतकऱ्याला भाव मिळतो, त्यात वाईट काय?

भाव मिळाला तर काहीच वाईट नाही. २०२४ मध्ये मक्याला चांगले दर मिळाले, ते इथेनॉलमुळेच, आणि येवला-मालेगावकडच्या शेतकऱ्याने त्यावर समाधान मानलं तर त्याला दोष देणारा मी कोण?

पण पुढचं बघा. त्या भावाकडे पाहून २०२५ च्या खरिपात मका वाढला. तो बाजारात आला तेव्हा कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही बऱ्याच बाजार समित्यांत दर क्विंटलमागे २,४०० रुपयांच्या हमीभावाच्या बरेच खाली होते. कर्नाटकात शेतकरी आंदोलनाला बसले. इथेनॉलची मागणी कागदावर होती, डिस्टिलऱ्याही उभ्या होत्या, तरी हमीभाव हातात पडला नाही. डिस्टिलरीला ७१.८६ चा दर ठरवून दिलेला आहे. तिने शेतकऱ्याकडून किमान हमीभावाने घ्यावं असं बंधन तितक्या कडकपणे कुठे आहे?

दुसरा फटका सोयाबीनला. मक्याच्या डिस्टिलरीतून निघणारा चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, तो पशुखाद्यात सोयापेंडीची जागा घेतो, कारण त्यात प्रथिनं असतात आणि तो स्वस्त मिळतो. पेंडीला उठाव नाही म्हटल्यावर सोयाबीन पडतं. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि लातूरसारख्या मोठ्या बाजारातही दर त्याखाली राहिले. त्याला खाद्यतेलाची आयात, जागतिक बाजार अशी इतरही कारणं आहेत. पण मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याच्या दृष्टीने येवल्याच्या मक्याला मिळालेल्या भावाचा काही भाग त्याच्या खिशातून गेला आहे.

आमची पोल्ट्री आहे. आम्हाला मका महाग झाला, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

इथे बोलतो. कोंबडीखाद्यात ५५ ते ६५ टक्के मका असतो आणि अंड्याच्या खर्चात खाद्य हा सगळ्यात मोठा घटक. काही वर्षांपूर्वीपर्यंत लाखो टन मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणायला लागला. खनिज तेलाची आयात कमी करायला निघालो आणि धान्याची आयात सुरू झाली.

नोव्हेंबर २०२५ पासूनच्या पुरवठा वर्षाचं वाटप धरलं तर मक्याचं सुमारे ४७८ कोटी लिटर इथेनॉल हवं आहे. भागिले ३८०, म्हणजे सव्वा कोटी टनांहून जास्त मका. देशाचं उत्पादन सव्वाचार कोटी टनांच्या आसपास. दहा पोत्यांतली तीन पोती पंपाच्या दिशेने.

पण दाण्यातला चोथा परत खाद्यात येतो ना? म्हणजे नुकसान तितकं नाही.

बरोबर, आणि हे न सांगता नुसता २.६ किलोचा आकडा फेकणं अन्यायाचं होईल. एक टन मक्याचे ढोबळमानाने तीन सारखे वाटे पडतात: ३०० किलो इथेनॉल, जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड आणि ३०० किलो डीडीजीएस. म्हणजे तिसरा हिस्सा खाद्यात परत येतो. पिष्ट मात्र गेलेलं असतं, आणि कोंबडीला मका हवा असतो तो त्या पिष्टातल्या ऊर्जेसाठीच.

यात एक धोका आहे ज्याकडे पुरेसं लक्ष नाही. डीडीजीएसची मूठ हातात घ्या. तपकिरी, भरड, आंबूस-भाजका वास. रंग जितका गडद तितकी ती सुकवताना जास्त करपलेली आणि तितकी पचायला वाईट. पण खरी भीती रंगात दिसत नाही. खरिपाचा मका काढणीला २० टक्क्यांच्या पुढे ओला असतो, साठवायला १४ टक्क्यांच्या आत हवा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात खळ्यावर भिजलेल्या ढिगाला बुरशी लागते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. आंबवताना पिष्ट निघून जातं, विष राहतं. तिसऱ्या हिस्स्यात तेच विष म्हणजे तिप्पट तीव्रता. कोंबड्यांचं यकृत खराब होतं, अंडी घटतात. गाई-म्हशींनी ते खाल्लं तर त्याचं एक रूप दुधात उतरतं. बारामती-इंदापूरकडच्या दूधवाल्यांनी डीडीजीएस घेताना प्रयोगशाळेचा अफ्लाटॉक्सिनचा दाखला मागावा, व्यापारी ओळखीचा असला तरी.

मक्याला उसापेक्षा पाणी कमी लागतं. हा तरी फायदा मानाल?

मानतो. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी, मक्याला ५०० ते ८०० आणि खरिपात त्यातलं बरंच पावसाचं. उजनीच्या काठावर उसाऐवजी मका आला तर पाणी वाचेल. पण इथेनॉलमुळे ऊस कमी झालेला नाही. मका आलाय तो बहुतांशी कोरडवाहू सोयाबीन, कापूस, बाजरी यांच्या जागी. तिथे पाण्याची बचत होत नाही.

परकीय चलन वाचतं हे तरी खरं ना?

वाचतं. सरकारचा आकडा २०१४-१५ पासून एक लाख ४४ हजार कोटींच्या वर आहे. त्यातून आयात केलेला मका आणि युरियासाठीचा वायू वजा करून जो आकडा येईल तो खरा, आणि तो कुठेही ठळकपणे छापलेला नसतो.

मग गाड्या कशावर चालवायच्या? टीका करणं सोपं आहे.

अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर जमीन घ्या. मका लावला: साडेतीन टन, १,३३० लिटर इथेनॉल, पेट्रोलच्या भाषेत ८८० लिटर. १५ च्या ॲव्हरेजने एक गाडी १३,००० किलोमीटर चालते. त्याच जमिनीवर सौर पॅनेल लावले तर एका मेगावॉटला पाच एकर धरून अर्धा मेगावॉट बसतो, वर्षाला सात लाख युनिट वीज. एका युनिटला सहा किलोमीटर जाणारी इलेक्ट्रिक गाडी त्यावर ४२ लाख किलोमीटर चालते. तीनशेपट. मक्यानंतर त्याच रानात रब्बीचं पीक निघतं, चारा मिळतो, चोथा मिळतो, आणि पॅनेल पडीक माळावर लावावेत, काळ्या जमिनीवर नाही. हे सगळं धरून तीनशेचे शंभर करा. तरी शंभरपट.

पीएमपीएमएलने २०१९ मध्ये पहिल्या इलेक्ट्रिक बसगाड्या रस्त्यावर आणल्या, २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. पुण्यात इंधन वाचवायचं तर पैसा आणि जागा तिकडे जायला हवी. इथेनॉलपुरतं बोलायचं तर मळी आहे, माणसाच्या खाण्यालायक न राहिलेलं धान्य आहे, आणि पिकांचे अवशेष आहेत. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा प्रकल्प भाताच्या काडापासून इथेनॉल करण्यासाठी आहे, दोन लाख टन काडातून वर्षाला तीन कोटी लिटर, आणि त्याचं तंत्र पुण्याच्या प्राजचं. महाग आहे, काड गोळा करणं जिकिरीचं आहे. पण अनुदान द्यायचंच तर ते या जागी द्यावं. मक्याच्या दाण्याला ७१.८६ देण्यात मला शहाणपण दिसत नाही.

माझ्या गाडीला ई-२० चालेल का, कसं ओळखायचं?

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पार्ट ई-२० ला टिकणारे असावेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनही त्यावर जुळवलेलं असावं, असा आराखडा होता. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ई-२० चं स्टिकर आहे का बघा, नसेल तर मालकाच्या पुस्तिकेत इंधनाचं पान. त्याआधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगला इंधनाची नळी, फिल्टर आणि वायसर बघायला सांगा, कार्ब्युरेटरची दुचाकी असेल तर वाटी उघडून. बदललेले भाग जुन्या मापाचे असले तरी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आहेत ना, हे विचारून घ्या. दोन-तीन महिने गाडी बंद राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. टाकी पत्र्याची असेल तर ती काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहिली की ओलही कमी धरते.